दबाव वरून असो वा खालून, वाचकाला कारण कळले पाहिजे

महोदय,

वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या पक्षपाती झाल्या आहेत, ही तक्रार आता इतकी सर्वत्र ऐकू येते की तिचा तपशील विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. आपल्या दैनिकाच्या पत्रस्तंभातही ती वारंवार येते आणि बहुतेक वेळा पत्रकारांच्या वैयक्तिक मतांपाशी येऊन थांबते. अमुक संपादक कोणत्या पक्षाचा, तमुक वार्ताहर कोणत्या नेत्याच्या जवळचा, एवढीच तिची धाव असते. माझ्या मते मूळ प्रश्न हा नाही. पत्रकाराला मते असणारच आणि ती असावीतही. वाचकाचा विश्वास उडतो तो, छापण्या-न छापण्याचा एखादा निर्णय दबावाखाली फिरवला जातो आणि त्याचे खरे कारण त्याच्यापासून लपवले जाते तेव्हा. मग तो दबाव मालकाचा असो, सरकारचा असो की कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांचा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या तीन मोठ्या वृत्तसंस्थांत जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण तिथले वाद बरेचसे उघड्यावर झाले आणि त्यांचा घटनाक्रम तारीखवार उपलब्ध आहे. मी बँकेत नोकरी केली आणि नोकरीतली बरीच वर्षे कर्मचारी संघटनेचे कामही केले. त्यामुळे या घटनांकडे मी वाचक म्हणून जेवढा पाहतो, तेवढाच संघटनेचा कार्यकर्ता म्हणूनही पाहतो.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि अमेरिकेतील शहरांत निदर्शने उसळली; काही ठिकाणी जाळपोळ आणि लुटालूटही झाली. ३ जून रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मतविभागाने आर्कान्सा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कॉटन यांचा लेख संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. दंगली आवरण्यासाठी १८०७च्या बंडविरोधी कायद्याचा आधार घेऊन लष्कर उतरवावे, अशी त्यात मागणी होती. त्याच दिवशी टाइम्सच्या अनेक कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर जवळजवळ एकाच शब्दांत लिहिले की, हा लेख प्रसिद्ध केल्याने टाइम्समधील कृष्णवर्णीय सहकारी धोक्यात आले आहेत. पुढे आठशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. मतविभागाचे प्रमुख जेम्स बेनेट यांनी सुरुवातीला लेख छापण्याचे समर्थन केले, आणि प्रकाशक ए. जी. सल्झबर्गर यांनीही वेगवेगळी, न पटणारी मते छापण्याचे तत्त्व कर्मचाऱ्यांना लिहून कळवले. ४ जूनच्या संध्याकाळी मात्र संस्थेने भूमिका बदलली. संपादनाची प्रक्रिया घाईत उरकली गेली आणि लेख आमच्या निकषांना उतरत नाही, असे सांगण्यात आले. ५ जूनला लेखाच्या माथ्यावर संपादकीय टिपण लागले, छापील अंकात तो लेख गेला नाही, आणि ७ जूनला बेनेट यांचा राजीनामा जाहीर झाला.

त्या टिपणातले काही मुद्दे रास्त आहेत. दंगलींमागे डाव्या गटांचा हात असल्याचे लेखात वस्तुस्थिती म्हणून मांडले होते, पण त्याला पुरावा नव्हता. हिंसाचाराची सर्वाधिक झळ पोलिसांना बसली, हे विधान अतिशयोक्त होते. एवढे तपासणे हे संपादकाचे रोजचे काम आहे, आणि प्रसिद्धीपूर्वी आपण तो लेख वाचलाच नव्हता हे बेनेट यांनी सहकाऱ्यांसमोर मान्य केले, तेव्हा त्यांची बाजू लंगडी झाली यात शंका नाही. पण त्याच टिपणात असेही म्हटले आहे की लेखाचा मथळा प्रक्षोभक होता आणि तो सिनेटरने नव्हे तर टाइम्सनेच दिला होता. म्हणजे ज्या मथळ्याने आगीत तेल ओतले तो घरचाच होता. मग वाचकाने काय समजायचे? हे दोष खरोखर निर्णायक होते, तर ते आठशे सह्यांनंतरच का दिसले? आणि सह्या निर्णायक होत्या, तर टिपणात त्यांचा उल्लेख का नाही? दोन दिवसांपूर्वी जे तत्त्व म्हणून सांगितले, ते दोन दिवसांनी प्रक्रियेतली चूक का झाले, हे वाचकाला कोणी सांगितले नाही. उजव्या विचाराच्या वाचकाने यातून आपल्याला जे हवे ते घेतले, डाव्या विचाराच्या वाचकाने आपल्याला हवे ते, आणि दोघांचाही टाइम्सवरचा संशय वाढला. बेनेट यांनी स्वतःची बाजू सविस्तर मांडली ती साडेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, तीही दुसऱ्याच प्रकाशनात.

अशा वेळी वाचकाच्या वतीने प्रश्न विचारणारा माणूस टाइम्सकडे एके काळी होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. एका वार्ताहराने खोट्या आणि उसन्या बातम्या दिल्याचे २००३ मध्ये उघडकीस आल्यावर त्या वृत्तपत्राने वाचकांचा स्वतंत्र संपादक नेमला. त्याच्यावर मुख्य संपादकाचा अधिकार चालत नसे, आणि त्याला त्याच वृत्तपत्राच्या पानांवर त्या वृत्तपत्रावर टीका करण्याची मुभा होती. पहिले वाचक-संपादक डॅनियल ओक्रेंट यांनी जुलै २००४ मध्ये, टाइम्स हे उदारमतवादी वृत्तपत्र आहे का, असा प्रश्न आपल्या स्तंभाच्या मथळ्यातच विचारला आणि पहिल्याच वाक्यात होकारार्थी उत्तर दिले. सामाजिक प्रश्नांवरच्या वार्तांकनात तो कल कुठे कसा दिसतो, हे त्यांनी उदाहरणांसह लिहिले. त्यामुळे टाइम्स बुडाला नाही. उलट, ज्या वाचकाला हा कल खटकत होता, त्याला आपले म्हणणे त्याच वृत्तपत्रात छापून आलेले दिसले. २०१७ मध्ये हे पद रद्द झाले. समाजमाध्यमांवरचे अनुयायी आणि इंटरनेटवरचे वाचक मिळून आता हे पहाऱ्याचे काम करतात, असे कारण त्या वेळच्या प्रकाशकांनी दिले. तीनच वर्षांनी कॉटन प्रकरणात समाजमाध्यमांनी हा पहारा कसा केला, ते सर्वांनी पाहिले. वाचक-संपादक असता, तर आठवडाभरात सर्वांशी बोलून कोणी काय केव्हा ठरवले हे त्याने लिहिले असते, आणि राजीनामा योग्य की अयोग्य याचा निवाडा वाचकाला करता आला असता.

आता कर्मचाऱ्यांच्या बाजूकडे येतो, कारण तिच्याबद्दल फार उथळ लिहिले जाते. सह्या करणाऱ्यांना एकतर हुल्लडबाज ठरवले जाते, नाहीतर क्रांतिकारक. त्यांची भीती बनावट नव्हती. २९ मे २०२० रोजी सीएनएनच्या एका कृष्णवर्णीय वार्ताहराला थेट प्रक्षेपण सुरू असतानाच मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी बेड्या घातल्या होत्या, आणि त्या आठवड्यांत रस्त्यावर काम करणाऱ्या अनेक पत्रकारांना रबरी गोळ्या आणि अश्रुधूर झेलावा लागला होता. शिवाय १९३५ च्या अमेरिकन कामगार कायद्यानुसार कर्मचाऱ्यांनी कामाच्या परिस्थितीबद्दल एकत्रितपणे बोलण्याला संरक्षण आहे. सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची भाषा त्या संरक्षणात बसते. ‘हा लेख आम्हाला मान्य नाही’ ही भाषा तितकी सहज बसत नाही. म्हणून मतभेदाचा प्रश्न सुरक्षेच्या भाषेत मांडला गेला, असे माझे अनुमान आहे. संघटनेचे काम केलेल्या माणसाला ही गरज समजते, पण त्यातला धोकाही दिसतो. वार्ताहरांच्या सुरक्षेची मागणी असेल तर तिचे उत्तर हेल्मेट, विमा, वकील आणि रस्त्यावर एकट्याला न पाठवणे हे आहे. लेख मागे घेणे हे सुरक्षेच्या मागणीचे उत्तर होऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी एका निवेदनात घातल्या की सुरक्षेची मागणी मागे पडते आणि लेखाचा वाद तेवढा उरतो. टाइम्समध्ये तेच झाले.

आमच्या बँकेत आम्ही काळ्या फिती लावून काम केले, गेट मीटिंगा घेतल्या, संपाच्या नोटिसा दिल्या. पगार, बदल्या, अपुरी माणसे, रोखपालांची सुरक्षा असे शेकडो विषय त्यात आले. संघटनेत सगळ्या पक्षांची माणसे होती आणि निवडणुकीच्या काळात चहाच्या टपरीवर कडाक्याचे वाद होत. पण अमुक ग्राहकाला कर्ज देऊ नका, त्याचे राजकारण आम्हाला पटत नाही, असा विषय गेट मीटिंगमध्ये कधी आला नाही, आणि कोणी आणला असता तर तो आम्ही घेतला नसता. दुसरीकडे, नियमात न बसणारे कर्ज मंजूर करण्यासाठी एखाद्या अधिकाऱ्यावर वरून दबाव आला आणि त्याने सही नाकारली, तर संघटना त्याच्यामागे ठामपणे उभी राहत असे. वृत्तपत्राच्या कचेरीतही नेमकी हीच रेघ ओढता येईल असे मला वाटते. खोटे लिहायला, पैसे घेऊन लिहायला, पडताळणी न करता लिहायला नकार देणाऱ्या पत्रकाराच्या पाठीशी संघटनेने जिवाचे रान करावे. अमेरिकेत मजकुरात न पटणारा फेरफार झाला तर बातमीवरचे आपले नाव काढून घेण्याचा हक्क पत्रकारांच्या संघटनांनी करारांतून मिळवला आहे, तो मला अतिशय मोलाचा वाटतो. मात्र दुसऱ्या कोणाचे मत छापू नका, ही मागणी संघटनेच्या बळावर करणे योग्य नाही. ती करायचीच तर प्रत्युत्तराचा लेख लिहून, आपल्या नावाने करावी.

राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओ म्हणजे एनपीआर इथली घटना वेगळ्या अंगाने शिकवणारी आहे. तिथे २५ वर्षे काम केलेले ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी ९ एप्रिल २०२४ रोजी बाहेरच्या संकेतस्थळावर लेख लिहिला. वॉशिंग्टनमधील संपादकीय कर्मचाऱ्यांची मतदार नोंदणी (तिथे तीत मतदाराचा पक्षही नोंदवला जातो) पाहिली तेव्हा ८७ जण डेमोक्रॅटिक पक्षाचे निघाले आणि रिपब्लिकन एकही नाही, असे त्यांनी त्यात सांगितले. हा आकडा जगभर गाजला. सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तो गैरलागू नव्हता, कारण ८७ म्हणजे संपूर्ण एनपीआर नव्हे आणि एखाद्याची मतदार नोंदणी म्हणजे त्याची बातमी नव्हे. तरीही ज्या खोलीत एकही माणूस देशाच्या जवळजवळ निम्म्या मतदारांसारखा विचार करत नाही, तिथे कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो हे खोलीतल्यांना कळणे कठीण, एवढे मान्य करायला हवे. परवानगीशिवाय बाहेर लिहिल्याबद्दल बर्लिनर यांना पाच दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आले आणि १७ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. संस्थेला नियमभंगाची कारवाई करण्याचा हक्क होता. पण त्यांच्या म्हणण्याची दखल श्रोत्यांना दिसेल अशा रीतीने, त्यांच्या मुद्द्यांना एकेक उत्तर देऊन, संस्थेने घेतली नाही.

ते उत्तर नंतर सरकारने आपल्या पद्धतीने दिले, आणि हा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. १ मे २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी पक्षपाताचा ठपका ठेवून सार्वजनिक प्रसारणाचा निधी थांबवण्याचा आदेश काढला. जुलैमध्ये अमेरिकन संसदेने आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि १९६७ च्या कायद्यातून उभे राहिलेले सार्वजनिक प्रसारण महामंडळ गुंडाळण्याची घोषणा १ ऑगस्टला झाली. एनपीआरच्या स्वतःच्या उत्पन्नात केंद्र सरकारकडून थेट येणारा वाटा जेमतेम एक टक्का होता. खरा फटका बसला तो ग्रामीण भागांतल्या छोट्या केंद्रांना, ज्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा या निधीतून भागत होता आणि ज्यांचा वॉशिंग्टनमधल्या त्या ८७ जणांशी काही संबंध नव्हता. पक्षपाताची तक्रार खरी असली, तरी तिच्यावरचा उपाय सत्ताधाऱ्यांच्या हाती गेला की तो शिक्षा बनतो. आपल्या दोषांची चर्चा वृत्तसंस्थेने स्वतःच्या अंगणात आधीच केली असती, तर सरकारला आयते निमित्त मिळाले नसते. अर्थात, निमित्त नसते तरी सरकारने ते शोधले असते, हेही मी नाकारत नाही.

‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये दबाव वरून आला. संपादक मंडळाने कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख तयार केला होता. मालक जेफ बेझोस यांच्या निर्णयामुळे तो छापला गेला नाही, आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, मतदानाला अवघे ११ दिवस उरले असताना, यापुढे अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नाही, असे प्रकाशकांनी जाहीर केले. सुमारे अडीच लाख वाचकांनी वर्गणी बंद केली. तीन दिवसांनी बेझोस यांनी स्वतः लेख लिहून, अशा पाठिंब्यामुळे पक्षपाताचा समज पसरतो आणि लोकांचा माध्यमांवर विश्वास उरलेला नाही, हे कारण दिले. हे कारण मला तत्त्वतः पटते. वृत्तपत्राने उमेदवाराला मत द्या असे सांगू नये, हे धोरण कोणी वर्षभर आधी, दोन्ही पक्षांचे उमेदवार ठरण्यापूर्वी जाहीर केले असते, तर मी त्याचे स्वागत केले असते. पण तयार अग्रलेख बाजूला ठेवून, मतदानाच्या तोंडावर, आणि सरकारी कंत्राटांत ज्याच्या इतर कंपन्यांचे हितसंबंध गुंतले आहेत अशा मालकाकडून तो निर्णय आला, म्हणून चांगल्या कारणावरही कोणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी मतविभाग यापुढे व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजारपेठ यांचाच पुरस्कार करील असे जाहीर केले आणि त्या विभागाचे संपादक पायउतार झाले. टाइम्समधल्या सह्यांबद्दल ज्यांनी आरडाओरडा केला त्यांतले बरेच जण इथे गप्प बसले, आणि बेझोस यांच्यावर तुटून पडलेल्यांतले बरेच जण २०२० मध्ये सह्या करणाऱ्यांच्या बाजूने होते. ही दुहेरी मोजपट्टी मला मान्य नाही.

गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकनांचा वृत्तमाध्यमांवर पुरेसा विश्वास होता. २०२५ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. या घसरगुंडीचा सगळा दोष पत्रकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. १९८२ मधल्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच त्या दूरचित्रवाणी बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तेव्हा दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. म्हणजे निर्दोष बातमीवरही पक्षपाताचा आरोप होणारच. तो आरोप संपवणे कोणत्याही संपादकाच्या हाती नाही. आपला निर्णय कसा झाला हे दाखवणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि म्हणूनच मी या पत्रात मतांपेक्षा निर्णयांच्या पद्धतीवर एवढा भर देत आहे.

मराठी वाचकाला बाजू घेणारे वृत्तपत्र परके नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी आचार्य अत्रे यांनी १९५६ मध्ये ‘मराठा’ काढला तो बाजू घेण्यासाठीच, आणि ‘सामना’ शिवसेनेचे मुखपत्र आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्याहून मागे जायचे तर, ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर टिळकांशी आणि इतर सहकाऱ्यांशी न पटल्याने १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. मतभेद कशावरून आहे हे पुण्यातल्या वाचकाला दोन्ही पत्रांतून कळत होते, आणि तो दोन्ही वाचू शकत होता. आपल्याकडचे दुखणे उघड बाजू घेण्यात नाही. ते २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ म्हणून चव्हाट्यावर आले. पैसे मोजून छापलेला मजकूर बातमी म्हणून वाचकापुढे ठेवला गेल्याचे आरोप झाले. भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला, आणि खुद्द कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध करायला टाळाटाळ केली. माहिती अधिकाराखालील आदेशानंतर २०११ मध्ये तो जाहीर झाला. कंत्राटी नेमणुकांमुळे पत्रकाराची मालकापुढची ताकद कमी झाली, हा मुद्दाही त्या चर्चेत पुढे आला होता. नोकरी जाण्याच्या भीतीने जो पत्रकार पैशाची बातमी नाकारू शकत नाही, त्याला संघटना हवीच. आणि तिची गरज आज अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

म्हणून माझी आपल्याकडे प्रत्यक्ष मागणी आहे. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये वाचक-संपादक नेमला, तसा आपल्या दैनिकानेही नेमावा आणि त्याची मुदत अशी ठरवावी की मधेच त्याला काढता येणार नाही. संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेला लेख वा बातमी बदलली किंवा काढली, तर बदल केव्हा झाला, कोणाच्या हरकतीवरून झाला आणि काय बदलले, हे त्याच जागी लिहावे. हरकत मंत्र्याची असो, जाहिरातदाराची असो की आपल्याच वार्ताहरांची. निवडणुकीच्या काळात उमेदवाराकडून पैसे घेऊन छापलेला प्रत्येक मजकूर ‘जाहिरात’ या शब्दाने, वाचता येईल एवढ्या टाइपात चिन्हांकित करावा. आणि आपल्या पत्रकारांशी होणाऱ्या नेमणुकीच्या करारात, खोटा किंवा विकतचा मजकूर लिहायला नकार दिल्यास कारवाई होणार नाही, असे कलम असावे. यांपैकी कोणत्या गोष्टी आपल्या दैनिकात आज अस्तित्वात आहेत आणि ज्या नाहीत त्या का नाहीत, याचे उत्तर आपण याच स्तंभात द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)